गुलाबी रंगाखालच्या भागीरथीबाई

मी चित्रं काढत नाही, चित्रांवरचं काढते. एवढं सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे धूळ?" मीही मग "हो, धूळच" म्हणून मोकळी होते. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईला वार्निश म्हणजे काय आणि ते पिवळं का पडतं हे सांगायला गेलं, तर तिचा मठ्ठा संपतो आणि पुढच्या लग्नात ती दुसऱ्या पंगतीत बसते.

तरी इथे थोडक्यात सांगते, कारण पुढचं समजायला ते लागेल. तैलचित्र म्हणजे थरांचं काम. खाली कापड, त्यावर पांढरा लेप, त्यावर रंग आणि सगळ्यात वर वार्निशचं पातळ कवच. या कवचावर काजळी, उदबत्तीचा धूर, माश्यांच्या खुणा आणि पाहुण्यांची बोटं वर्षानुवर्षं बसत जातात. नागपुरात त्यात कूलरची भर. उन्हाळाभर खसाच्या ताट्यांतून ओली हवा घरात फिरते, माणसं सुखावतात आणि भिंतीवरचे आजोबा फुगतात. कूलर बंद झाला की आजोबा आकसतात. असे काही उन्हाळे गेले की आजोबांच्या गालाचा टवका सोफ्याच्या मागे पडतो आणि मग घरच्यांना आमची आठवण येते.

मी एका सरकारी संग्रहालयात होते. दारावर पाटी होती, 'चित्रसंवर्धन विभाग'. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि कापूस. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, योग्य त्या द्रावणात बुडवायचा, चित्रावर तिळाएवढ्या जागेत फिरवायचा, बोळ्यावर काय आलं ते पाहायचं आणि फेकून दुसरा घ्यायचा. माझ्या सासूबाई एकदा ऑफिस पाहायला आल्या होत्या. बराच वेळ त्यांनी पाहिलं आणि निघताना एवढंच विचारलं, "याच्यासाठी पगार देतात?"

लोकांनी घरच्या घरी केलेले उपाय हा माझ्या धंद्याचा मोठा आधार. एका साहेबांनी निसर्गचित्र कापलेल्या बटाट्यानं पुसलं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की बटाट्यानं रंग उजळतात. चित्रातलं सगळं आकाश बटाट्याबरोबर गेलं. ते मला म्हणाले, "पण खालची गाय किती स्वच्छ निघाली बघा." दुसरे एक गृहस्थ वडिलांचं तैलचित्र घेऊन आले आणि दार लोटून घेत हळूच म्हणाले, "बाबांच्या चेहऱ्यावरचा राग थोडा कमी करता येईल का?" मी म्हटलं, "राग मूळ चित्रातलाच आहे. नंतर कुणी लावलेला नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे ना. मी त्यांच्याचजवळ राहिलो."

मी राग कमी केला नाही. आमचा नियम असा की मूळ चित्रकारानं केलं ते पवित्र आणि नंतर दुसऱ्या कुणी केलं ते काढून टाकायचं. हा नियम मी नोकरीभर पाळला आणि त्याची मला फारशी अडचणही आली नाही. भागीरथीबाई आल्या तोपर्यंत.

त्यांच्याआधी निनावे मास्तरांबद्दल सांगायला हवं.

गोविंदा निनावे आता मोठे चित्रकार आहेत. जिवंत होते तेव्हा नव्हते. उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातला हा मुलगा. बाप आणि भाऊ मागावर, आणि हा सूत रंगवायच्या कढईपाशी. रंग काय करतो हे तो तिथे शिकला, बाकीचं मुंबईच्या कलाशाळेत. तिथे कुणाकडे तरी आलेल्या परदेशी मासिकात त्यानं जर्मन चित्रकारांची चित्रं पाहिली. माणसांची तोंडं हिरवी, आभाळ तांबडं, घरं वाकलेली. दिसतं तसं काढायचं नाही, आतून वाटतं तसं काढायचं, असा त्या लोकांचा पंथ. पुस्तकात त्याला अभिव्यक्तिवाद म्हणतात. त्या काळच्या नागपुरात त्याला एकच शब्द होता, 'बिघडलं'.

मास्तर परत आले आणि एका शाळेत चित्रकला शिकवू लागले. मुलांना म्हणायचे, संत्रं तुला ज्या रंगाचं वाटतं त्या रंगाचं काढ. काटोलकडच्या एका बागायतदार पालकानं तक्रार केली की मास्तर पोरांना निळी संत्री काढू देतात, अशानं पोरगं उद्या बाग काय सांभाळणार. शाळेनं तोडगा काढला. मास्तरांना चित्रकलेवरून काढून कवायतीला लावलं. हा प्रदेशातला पहिला आधुनिक चित्रकार कित्येक वर्षं मैदानावर शिट्टी वाजवत उभा होता.

चित्रं ते काढत राहिले. कापड भावाच्या मागावरचं, जाडंभरडं. लढाईच्या काळात विलायती रंग मिळेनासे झाले तेव्हा घाण्यावरून जवसाचं तेल आणून स्वतः रंग घोटायचे. आमच्याकडे जवसाची चटणी खातात, मास्तर जवसाची माणसं करायचे. ते गेल्यावर घरच्यांनी चित्रं वाटून घेतली. एक पावसाळ्यात खिडकीला ठोकलं गेलं, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर गेलं. मग दिल्लीत कुणीतरी त्यांच्यावर लिहिलं, परदेशात एक चित्र लागलं आणि नागपुरात एकदम जाग आली. आता गावात मास्तरांचे एवढे विद्यार्थी निघाले आहेत की शाळेच्या मैदानात मावणार नाहीत. कवायतीचे धरूनही.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण खुराड्यावरचं चित्र माझ्याकडेच आलं होतं आणि नंतर बाकीचीही आली. त्यांची ब्रशची ओढ, अंगठ्यानं रंग पसरायची सवय, ओल्या रंगात ब्रशच्या दांडीनं कोरलेली सही हे सगळं मला माहीत झालं. माणूस न भेटता त्याचा हात इतका ओळखीचा होणं हे जरा विचित्र आहे. नवऱ्याची सही मी अजून नीट ओळखत नाही.

माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते तेव्हा प्रफुल्ल आला. इतवारीत त्यांचं भांड्यांचं जुनं दुकान आहे. तो चित्र घेऊन आला तो दुकानाच्याच टेम्पोतून, चादरीत गुंडाळून, पातेल्यांच्या चळतीला टेकवून.

"मॅडम, ही माझी आजी. भागीरथीबाई," तो म्हणाला. "निनावे मास्तरचं काम हाय."

मी चादर काढली. तिशीतली बाई, नऊवारी, नाकात नथ, गाल गुलाबी, ओठांवर हसू. सुबक चित्र होतं. कॅलेंडरवर शोभलं असतं. मास्तरांचं मात्र वाटत नव्हतं.

"कशावरून मास्तरांचं?"

"घरी सगळ्याईले माहीत हाय. मास्तरनं आजीले हिरवं काढलं होतं. आजोबा म्हणे, माझी बायको भूत हाय का? मग त्याईनं इतवारीतल्या एका पाट्या रंगवणाऱ्याकडून वरून गुलाबी मारून घेतलं." तो जरा खाली पाहून म्हणाला, "दिल्लीचे ते रोहन सर प्रदर्शन करून राहिले ना, मास्तरचं. ते म्हणाले, वरचं काढून घ्या, आपण मधोमध लावू."

रोहन म्हणजे प्रदर्शनाचा संयोजक. हुशार, सभ्य मुलगा. मास्तरांबद्दल बोलताना त्याचे डोळे खरोखर ओले व्हायचे. प्रफुल्लचीही हौस मला कळत होती. जन्मभर 'भांडेवाला' म्हणून घेतलेल्या माणसाला एकदा तरी भिंतीवर आपल्या घराचं नाव वाचायचं होतं.

पहिलं काम म्हणजे खाली खरंच काही आहे का ते पाहणं. त्यासाठी एक्स-रे लागतो आणि विभागाकडे एक्स-रेचं यंत्र नव्हतं. अर्ज केला होता. तो माझ्याच वयाचा असेल. मग नेहमीप्रमाणे आम्ही चित्र माणसांच्या एक्स-रे सेंटरमध्ये नेलं. रांगेत एक मोडक्या मनगटाचे काका, एक खोकणारी बाई आणि मध्ये आम्ही, भागीरथीबाईंना दोन्ही बाजूंनी धरून.

"पेशंटचं नाव?" काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं.

"भागीरथीबाई," प्रफुल्ल म्हणाला.

"वय?"

प्रफुल्लनं माझ्याकडे पाहिलं. मुलीनं मान वर केली, चित्राकडे पाहिलं आणि अंदाजानं स्वतःच तीस लिहिलं. "काय त्रास आहे?"

"आत काहीतरी आहे असं वाटतं," मी म्हटलं.

फिल्म उजेडावर धरली तेव्हा ते मनगटवाले काकाही पाहायला आले. हसऱ्या चेहऱ्याच्या आत दुसरा चेहरा होता. डोळे मोठे आणि खोल, तोंड घट्ट मिटलेलं, मांडीवरचे हात वरच्या हातांपेक्षा दुप्पट. मग काका म्हणाले, "बाईले लय दुःख दिसते." अभिव्यक्तिवादाची याहून सोपी व्याख्या मी ऐकलेली नाही.

एक्स-रेत रंग कळत नाहीत. त्यासाठी चित्रावर एका आडबाजूला छोटी खिडकी उघडतात, म्हणजे नखाएवढ्या जागेतला वरचा थर काढून पाहतात. मी कानाच्या पाळीपाशी जागा निवडली. सकाळभर बोळे फिरवले. गुलाबी रंग चिवट होता, पण निघाला आणि खालून हिरवा आला. मास्तरांचा हिरवा मी कुठेही ओळखीन. पिकत आलेल्या संत्र्याच्या सालीवर कडेला उरतो ना, तसा.

त्याच दुपारी दार उघडून एक म्हातारी आत आली. पांढरं पातळ, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात छत्री. मागे प्रफुल्ल, चेहरा पडलेला.

"माझ्या आत्या," तो म्हणाला. "शांताबाई."

भागीरथीबाईंची ही थोरली लेक. लग्न केलं नाही, प्रफुल्लचे वडील लवकर गेले तेव्हापासून दुकानाची गादी तिनंच सांभाळली. चित्र त्या गादीच्या वर टांगलेलं असायचं आणि बाई त्याखाली बसायची. आता नव्वदीला टेकली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली आणि तेवढ्यात प्रफुल्लनं चित्र उतरवलं होतं.

"डोळ्याची पट्टी काढली, दुकानात आली, तं भिंतीवर खिळा," शांताबाई मला म्हणाल्या. मग पुतण्याकडे वळल्या. "ऑपरेशन माह्या डोळ्याचं होतं बापा, आईचं नाही."

"आत्या, वरचं खोटं हाय. खालची खरी आजी हाय."

"तुले कोण सांगितलं?"

त्या टेबलापाशी आल्या, गॉगल काढला आणि वाकून पाहिलं. कानापाशी नखाएवढा हिरवा ठिपका. त्यांनी गॉगल पुन्हा चढवला.

"बाई, हे बंद करा," त्या मला म्हणाल्या. "आणि आईले घरी पाठवा."

चित्र दोघांच्या नावावर होतं. मालकांत एकमत नसेल तर आम्ही हात लावत नाही. मी चित्रावर पातळ कापड टाकलं आणि हात बांधून बसले. प्रफुल्ल रोज फोन करायचा. रोहन दिल्लीहून आला आणि माझ्यासमोर बसून कळवळून बोलला.

"मॅडम, हा अन्याय आहे. एका नवऱ्यानं बायकोचं दुःख पेंटरकडून पुसून घेतलं. आपण ते तसंच ठेवायचं?"

मला त्याचं पटत होतं. खरं सांगायचं तर तो गुलाबी माझ्याही डोळ्यांत खुपत होता आणि निवृत्तीच्या आधी एक मोठं काम हातून व्हावं असंही वाटत होतं. त्या रिकाम्या दिवसांत मी चित्र सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा पाहत राहिले. काम नसलं की हेच करते.

खालच्या कोपऱ्यात सही होती. नेहमीसारखी, दांडीनं कोरलेली. मी ती नंतर कधीतरी पाहिली होती आणि पाट्यावाल्यानं तेवढी जागा सोडली असेल असं धरलं होतं, पण त्या दिवशी तिच्या कडा पाहिल्या. ओल्या चिखलात काडी ओढली तर दोन्ही बाजूंना बारीक बांध उठतो. वाळलेल्या चिखलात ओढली तर टवके उडतात. सहीच्या दोन्ही कडांना बांध होता आणि तो वरच्या, नव्या रंगाचा होता. म्हणजे वरचा रंग ओला असताना ती सही कोरलेली होती. मग मी गालावर आले. गुलाबी रंग अंगठ्यानं पसरलेला होता.

पाट्या रंगवणारा कुणी नव्हताच. गुलाबी बाई मास्तरांनीच काढली होती.

मी रोहनला फोन केला. तो म्हणाला, "मग ती तडजोड आहे. पोटासाठी केलेली. तरीही खालचं जास्त खरं."

"तडजोड असली तरी मास्तरांचीच आहे," मी म्हटलं. "माझ्या नियमात ती काढता येत नाही."

"तुमचा नियम मास्तरांपेक्षा मोठा आहे का?"

चित्र काढताना घरात काय घडलं ते शांताबाईंना ठाऊक असेल असं वाटलं. म्हणून मी इतवारीत गेले.

भांडे ओळ या गल्लीत हातगाड्या, टेम्पो आणि माणसं यांतून वाट काढत दुकानात पोचले तेव्हा शांताबाई गादीवर होत्या, वर रिकामा खिळा. प्रफुल्ल एका गिऱ्हाइकाला कुकर दाखवत होता.

"मावशी," मी म्हटलं, "वरचा रंगही निनावे मास्तरांचाच आहे."

प्रफुल्लनं कुकरचं झाकण खाली ठेवलं. शांताबाईंनी गॉगल काढून पुसला.

"मग," त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय ना. मी तिथंच बसली होती."

"आत्या, तू तं कधी बोलली नाही," प्रफुल्ल म्हणाला. "आजोबांनं पेंटर आणला, असंच सगळे म्हणत आले."

"म्हणू दिलं. तुह्या आजोबाले कोणी बोल लावला तं त्याले काही वाटत नव्हतं. आईले वाटलं असतं."

गिऱ्हाईक कुकर न घेता गेलं. कुणी त्याला थांबवलं नाही. शांताबाई सावकाश सांगू लागल्या.

"मी आठ-नऊ वर्षांची असन. त्या साली आमचा मधला भाऊ तापानं गेला. आई कोणाशी बोलेच ना. बाबाले वाटलं, चित्र काढून घेऊ, जरा मन रमन. मास्तर दुपारी येत. आई बसे, मास्तर काढे, दोघंही मुके. मी बाजूले बसून पाहो. झालं तं मास्तरनं चित्र फिरवून दाखवलं. हिरवी आई. डोळे अशे, जशी विहीर. बाबा म्हणे, चांगलं हाय. त्याले चित्रातलं काय समजे, त्याले काम झालं याचा आनंद."

"आणि आई?"

"आई लय वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, मास्तर, तुम्ही बरोबर पाहिलं. पण मले या घरात राहायचं हाय. अजून दोन लेकरं हायेत. हे भिंतीवर राहिलं तं माह्याच्यानं सकाळी उठणं होणार नाही. याच्यावर एक बरी बाई काढून द्या."

"मास्तर चिडले?"

"नाही वं. बाहेर जाऊन पान थुंकून आले. विचारलं, खालचं खरडून टाकू का? आई म्हणे, नको. ते असू द्या. वरून झाका फक्त." शांताबाई थांबल्या आणि हसल्या. "आणि मग गुलाबी कालवायले बसले. चेहरा असा, जसा कोणी कारल्याचा रस पिऊन राहिला. ते पाहून आई हसली बाप्पा. भाऊ गेल्यावर पहिल्यांदा. मास्तर म्हणे, हालू नका, आणि तेच हसू काढलं."

ज्याला मी मनातल्या मनात कॅलेंडरचं हसू म्हणत होते, ते एका दुपारी खरोखर आलेलं हसू होतं आणि वाटलं तेच काढायचं या आपल्या पंथाला मास्तर गुलाबी रंगातही चुकले नव्हते.

प्रफुल्ल स्टुलावर बसून होता. "मग मले लहानपणी काहून नाही सांगितलं?" त्यानं विचारलं.

"तू लहान होता. मग मोठा झाला, मग तुले वेळ नव्हता," शांताबाई म्हणाल्या.

त्यानं संध्याकाळी रोहनला कळवलं की आजी आहे तशीच राहील.

माझं एक काम उरलं होतं. कानापाशी उघडलेली खिडकी भरायची होती. सगळी नोकरी दुसऱ्यांचे रंग उतरवण्यात गेली आणि शेवटी निनाव्यांच्या हिरव्यावर गुलाबी लावायची पाळी माझ्यावर आली होती. मी रंग जुळवला, बारीक ब्रश घेतला. शांताबाई मुद्दाम समोर येऊन बसल्या होत्या. मी ब्रश टेकवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा जी."

"काय झालं?"

"राहू द्या तेवढं. कानापाशी हाय. लोकाईले कुडीतला खडा वाटन."

"तुम्हीच म्हणाला होतात, बंद करा."

"म्हटलं होतं. तेव्हा डोळ्यात औषध होतं."

आमच्या शास्त्रात असं उघडं ठेवणं बसत नाही. मी वहीत 'मालकांच्या इच्छेनुसार' असं लिहिलं आणि ब्रश धुतला.

प्रदर्शन थाटात झालं. भागीरथीबाईंना मधोमध जागा मिळाली नाही, पण मिळाली. रोहन मनानं मोठा निघाला. त्यानं चित्र कोपऱ्यात लावलं आणि शेजारी उजेडाच्या पेटीवर तो एक्स-रे लावला, सेंटरच्या चिठ्ठीसकट, 'भागीरथीबाई, स्त्री, वय तीस'. सगळी गर्दी तिथेच. लोक एक्स-रेबरोबर सेल्फी काढत होते. मास्तरांच्या एवढ्या चित्रांत सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं चित्र मास्तरांनी काढलेलं नव्हतं, ते यंत्रानं काढलेलं होतं. गुलाबी भागीरथीबाईंपुढे फक्त एक जोडपं थांबलं. त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, "कानातला पाचू बघ, किती खरा वाटतो." प्रदर्शनाच्या पुस्तिकेतही 'हिरव्या खड्याची कुडी' असंच छापलं होतं. मी दुरुस्ती सुचवली नाही.

मी निवृत्त झाले. विभागाच्या जागी आता स्टोअर आहे. मला वाईट वाटतं, पण फार नाही. टेबल खिडकीपाशी होतं, कुणी तरी उजेडात बसत असेल.

मागच्या महिन्यात मी कढई घ्यायला इतवारीत गेले होते. चित्र गादीच्या वर, जागच्या जागी होतं. शांताबाई खाली डोळे मिटून बसलेल्या. प्रफुल्लनं चहा मागवला, चांगली जड कढई काढून दिली आणि मग जवळ येऊन आवाज खाली केला.

"मॅडम, एक सांगू? आता मले गुलाबी दिसतच नाही. सकाळी दिवा लावतो, वर पाहतो, तं खालचीच दिसते. ते डोळे. गिऱ्हाईक समोर असते आणि मी मधातच थांबून जातो. बायको म्हणते, डोळे तपासून घ्या. तुम्ही तो एक्स-रे दाखवला नसता तं बरं झालं असतं."

एकदा पाहिलेलं परत झाकायचं द्रावण आमच्या धंद्यात नाही. मी कढईच्या कडीशी चाळा करत राहिले.

शांताबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी एकटीच पाहून राहिली होती."